रिपोर्ट आधी कुणाच्या हातात? मुंबईच्या वॉर्ड वॉर रूमचं प्रकरण

मे २०२० मध्ये मुंबईत कुणाचा कोविड रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की घरात पहिला प्रश्न औषधाचा नसायचा, ओळखीचा असायचा. आपल्यापैकी कोण कुणाला ओळखतं? कुणाचा मेहुणा पोलिसात, कुणाची वहिनी केईएममध्ये नर्स, कुणाच्या चाळीतला मुलगा नगरसेवकाच्या ऑफिसात बसतो. रात्रभर फोन चालायचे. महापालिकेचा १९१६ हा आपत्ती व्यवस्थापनाचा क्रमांक होताच. पण सव्वा कोटींच्या शहराला ती एक खिडकी, आणि खिडकीमागच्या माणसाकडेही कुठल्या रुग्णालयात आत्ता किती खाटा रिकाम्या आहेत याची खात्रीची यादी नव्हती. तोही बिचारा फोनच फिरवत होता.

जून २०२० मध्ये पालिकेने हे काम चोवीस वॉर्डांत वाटून टाकलं आणि प्रत्येक वॉर्डात एक वॉर रूम, म्हणजे रुग्णांशी बोलून खाट नेमून देणारा नियंत्रण कक्ष, उघडली. पुढे वर्षभराने, दिल्लीत ऑक्सिजनवाचून माणसं मरत असताना, सर्वोच्च न्यायालयाने मुंबईकडून काही शिकता येईल का ते पाहा असं सांगितलं. तेव्हापासून हे प्रकरण ‘डिजिटल मुंबई’च्या यशाची गोष्ट म्हणून सांगितलं जातं. मला ते अर्धंच पटतं. या सगळ्यात तंत्रज्ञान हा सर्वांत साधा भाग होता: फोन, संगणकावरचा तक्ता, व्हॉट्सअ‍ॅप आणि एक डॅशबोर्ड. त्या साध्या साधनांना एवढी किंमत कशामुळे आली, ते पाहायचं आहे.

एक रुग्ण, दोन महिने

समजुतीसाठी एक गृहस्थ उभे करू. घाटकोपर पश्चिमेला डोंगरउतारावरच्या वस्तीत राहतात, वय ६१, मधुमेह आहे, तीन दिवस ताप आहे आणि खासगी लॅबमध्ये स्वॅब दिला आहे.

मे महिन्यात त्यांचा रिपोर्ट रात्री साडेनऊला मुलाच्या मोबाइलवर आला असता. लॅबने तोच निकाल आयसीएमआरच्या, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, पोर्टलवर भरायचा, तिथून तो पालिकेकडे, पालिकेच्या मुख्यालयातून एन वॉर्डाच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे. या प्रवासात एखादा दिवस सहज जायचा, कधी जास्त. तोवर मुलगा पाच रुग्णालयांना फोन करून झालेला असायचा. एका ठिकाणी ‘फुल्ल आहे’. दुसऱ्या ठिकाणी ‘डिपॉझिट किती भरताय?’ तिसऱ्या ठिकाणी ‘पेशंट घेऊन या, मग बघू’, आणि नेल्यावर गेटवरूनच परत. त्याच वेळी कुठल्यातरी खासगी रुग्णालयात चौतिशीतला, खोकलाही नसलेला, विमा असलेला एक तरुण खाट अडवून झोपलेला असायचा. त्याचाही दोष नव्हता. तोही घाबरलेला होता, फक्त त्याची ओळख होती.

त्या काळात सगळे म्हणायचे की माहिती नाही. खरं तर माहिती होती, तुकड्यातुकड्यांत होती. लॅबला ठाऊक होतं कोण आजारी आहे. रुग्णालयाला ठाऊक होतं त्याच्याकडे किती खाटा आहेत. घरच्यांना ठाऊक होतं दम किती लागतोय. ही तीन उत्तरं एका टेबलावर येत नव्हती, आणि आली असती तरी ‘ही खाट या माणसाला द्या’ असं सांगण्याचा अधिकार त्या टेबलामागे कुणाला नव्हता.

आता जुलै. लॅबने रिपोर्ट पालिकेकडे पाठवला, रात्रीत पत्त्यांवरून नावांची वॉर्डनिहाय विभागणी झाली, आणि सकाळी एन वॉर्डाच्या वॉर रूममधून फोन आला:

“नमस्कार, महापालिकेच्या एन वॉर्डातून डॉक्टर बोलतेय. काका, तुमचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय. घाबरू नका. मला सांगा, दम लागतोय का?”

“नाही हो मॅडम, थोडा खोकला आहे.”

“बाथरूमला जाऊन आल्यावर?”

“तेवढं लागतं थोडं.”

“शुगर आहे ना? गोळ्या की इन्सुलिन? घरात माणसं किती? संडास घरात आहे की बाहेरचा?”

वर्तमानपत्रांतल्या डॅशबोर्डच्या फोटोंपेक्षा मला हा शेवटचा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो. वैद्यकीयदृष्ट्या सौम्य आजार असलेल्या माणसाला घरी ठेवायचं की नाही, हे मुंबईत त्याच्या फुफ्फुसांइतकंच वस्तीतल्या संडासावर ठरत होतं. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं आणि बाहेर सामायिक शौचालय असेल, तर ‘होम आयसोलेशन’ हा शब्द कागदापुरता. त्या माणसाला लक्षणं नसली तरी कोविड केअर सेंटर टू, म्हणजे लक्षणं नसलेल्या बाधितांसाठी शाळा-हॉलमध्ये उघडलेल्या केंद्रात पाठवायचं. दम लागतो, रक्तातला ऑक्सिजन ९४ टक्क्यांच्या खाली जातो, तर डेडिकेटेड कोविड हेल्थ सेंटर. आयसीयूची गरज, तर डेडिकेटेड कोविड हॉस्पिटल. आपल्या काकांना चालल्यावर दम लागत होता आणि साखर होती. त्यांना दुसऱ्या पायरीवरची खाट, वॉर्डाचीच रुग्णवाहिका, आणि रुग्णालयाला कळवलेलं नाव. गेटवर ‘डिपॉझिट’ म्हणायला आता जागा उरली नव्हती.

आधी आदेश, मग तक्ता

वॉर रूमच्या आधी दोन निर्णय झाले नसते तर तिचा काही उपयोग झाला नसता.

पहिला राज्य सरकारचा, २१ मे २०२० चा. खासगी रुग्णालयांच्या ८० टक्के खाटा सरकारच्या नियंत्रणाखाली आणि दर बांधलेले: साध्या विलगीकरण वॉर्डात दिवसाला ४,०००, व्हेंटिलेटरविना आयसीयूत ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. या आदेशामुळे खाट वाटून देता येईल अशी गोष्ट बनली. त्याआधी खासगी रुग्णालयाची रिकामी खाट पडद्यावर दिसली असती तरी ती बघण्यापुरतीच होती.

दुसरा पालिकेचा, जूनच्या मध्याचा: लॅबने पॉझिटिव्ह निकाल आधी पालिकेला द्यायचा. एवढाच. पण सगळी व्यवस्था या एका बदलावर उभी राहिली. रिपोर्ट आधी घरी गेला की घरचे पळतात, आणि ज्याचे पाय (किंवा ओळखी) लांब तो आधी पोचतो. रिपोर्ट आधी डॉक्टरकडे गेला की आजाराची तीव्रता आधी विचारली जाते आणि रांग त्याप्रमाणे लागते.

याला किंमत मोजावी लागली, आणि ती लहान नव्हती. माणसाचा स्वतःचा रिपोर्ट त्यालाच उशिरा मिळणार, किंवा लॅब देणारच नाही, हे कुठल्या तत्त्वात बसतं? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि जून २०२० मध्येच न्यायालयाने सांगितलं की रुग्णाला आणि नातेवाइकांना रिपोर्ट मिळालाच पाहिजे. माझ्या मते न्यायालयाचं बरोबर होतं आणि पालिकेचा हेतूही बरोबर होता. यंत्रणेला निकाल आधी कळणं एक आणि रुग्णापासून तो लपवणं दुसरं. घाईत या दोन गोष्टी एका परिपत्रकात गुंफल्या गेल्या. पुढच्या काळात रिपोर्ट दोघांनाही मिळत राहिला आणि वॉर रूम तरीही चालली.

चोवीसच का

वॉर्ड ही मुंबईकराच्या ओळखीची गोष्ट आहे. जन्मदाखला तिथे, तुंबलेल्या गटाराची तक्रार तिथे, पाण्याच्या जोडणीसाठी खेटे तिथे. ए म्हणजे फोर्ट-कुलाबा, जी उत्तर म्हणजे दादर-माहीम-धारावी, एम पूर्व म्हणजे गोवंडी-मानखुर्द, टी म्हणजे मुलुंड. प्रत्येकाला सहायक आयुक्त, आरोग्य अधिकारी, आणि गल्लीगल्लीत फिरणाऱ्या आरोग्य स्वयंसेविका आधीपासून आहेत. नवं काही उभारायचं नव्हतं, असलेल्याला फोन आणि यादी द्यायची होती.

हिशोब सोपा आहे. दिवसाला हजार-बाराशे नवे रुग्ण एका मध्यवर्ती कक्षावर पडले की तिथे नुसता आवाज उरतो. चोवीस ठिकाणी वाटले की सरासरी चाळीस-पन्नास घरं येतात, आणि तेवढ्यांशी एक गट दिवसभरात नीट बोलू शकतो, संध्याकाळी पुन्हा विचारपूसही करू शकतो. पालिकेच्या तेव्हाच्या सांगण्यानुसार एका वॉर रूमला साधारण तीस फोनलाइन, दहा डॉक्टर आणि दहा रुग्णवाहिका असं बळ होतं. डॉक्टर बहुतेक तरुण. फोनवर पालिकेच्या शाळांमधले शिक्षकही होते, आणि हे मला फार शहाणपणाचं वाटतं. रडणाऱ्या पालकाशी बोलायची सवय त्यांना कॉल सेंटरवाल्यांपेक्षा जास्त असते.

पत्ता हा मात्र पहिल्या दिवसापासूनचा त्रास. ‘पाण्याच्या टाकीमागे, राजूच्या दुकानाच्या वर’ असा पत्ता असला की कुठलंही सॉफ्टवेअर वॉर्ड ठरवू शकत नाही. सीमेवरच्या वस्त्यांची नावं दोन वॉर्डांमध्ये चेंडूसारखी फिरायची. तेव्हा हा गुंता सोडवायची आरोग्य स्वयंसेविकाच, कारण राजूचं दुकान तिला माहीत होतं.

पडदा आणि खाट

डॅशबोर्डबद्दल आता थोडं सविस्तर, कारण पैसे आणि प्रसिद्धी तिथेच गेली. जूनमध्येच खाटांची माहिती देणारं ‘एअर-व्हेंटी’ हे अ‍ॅपही आलं. नागरिकाने मोबाइल उघडायचा, जवळच्या रुग्णालयात किती खाटा आहेत ते पाहायचं. कल्पना चांगली. पण अ‍ॅपवर खाट दिसणं आणि ती आपल्याला मिळणं यांत अंतर होतं. शेवटी अ‍ॅप पाहूनही लोक फोनच करायचे, आणि ते योग्यच होतं. पडद्यावर तीन खाटा दिसल्या आणि तीनशे जणांनी त्या एकदम पाहिल्या, तर अ‍ॅपने काय करावं?

पडद्यावरचा आकडा खरा राहणं हे वेगळंच काम होतं. खाट रिकामी होते म्हणजे नेमकं कधी? डॉक्टरने डिस्चार्ज लिहिला तेव्हा? बिल मिटलं तेव्हा? चादर बदलून, खोली निर्जंतुक करून झाल्यावर? मृत्यू झाला आणि नातेवाईक अजून पोचले नाहीत, तेव्हा ती खाट कशात धरायची? रुग्णालयातल्या ज्या माणसाने हे भरायचं, त्याच्याकडे तेव्हा दहा वेगवेगळे तक्ते भरायचे होते: राज्याचा, पालिकेचा, आयसीएमआरचा. साहजिकच तो दिवसातून एकदा सगळं एकदम भरून टाकायचा. म्हणून वॉर रूममधला अनुभवी माणूस पडद्यावर विसंबून रुग्णवाहिका सोडत नसे. आधी फोन करून विचारायचा, “सिस्टर, बारा नंबर खरंच रिकामी आहे ना?” आकडा आणि फोन ही जोडी होती, एकट्या आकड्यावर कुणाचा विश्वास नव्हता.

आकड्यांची सगळ्यात कडू परीक्षा जूनच्या मध्यात झाली. रुग्णालयांच्या नोंदी आणि पोर्टलवरच्या नोंदी ताडून पाहिल्या तेव्हा मुंबईच्या मृत्यूंच्या यादीत एका दिवसात ८६२ जुने मृत्यू वाढवावे लागले. लपवाछपवीचा आरोप झाला, आणि तो होणारच होता. डिजिटल नोंदीचा एक फायदा इथे दिसतो: दोन याद्या असल्या की ताळा करता येतो आणि चूक उघडी पडते. पण ताळा आपोआप होत नाही. कुणीतरी करायला सांगावं लागतं आणि आलेला आकडा जाहीर करण्याची हिंमत लागते. त्यानंतर रुग्णालयांना मृत्यू ४८ तासांत कळवण्याची सक्ती झाली.

एप्रिल २०२१

पहिल्या लाटेत यंत्रणेची घडी बसली, दुसऱ्या लाटेत ती ताणली गेली. ४ एप्रिल २०२१ ला मुंबईत एका दिवसात ११,१६३ रुग्ण नोंदले गेले. वर केलेला हिशोब पुन्हा मांडून पाहा: वॉर्डामागे चाळीस-पन्नास नव्हे, सरासरी साडेचारशेच्या वर. त्या दिवसांत ज्यांनी वॉर रूमला फोन लावला त्यांना ‘सर्व लाइन्स व्यस्त आहेत’ तोंडपाठ असेल. ज्यांना आयसीयू हवं होतं त्यांना एक-दोन दिवस थांबावं लागलं, आणि काहींना तेवढा वेळ नव्हता. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? उत्तम वाटपाने खाटा वाढत नाहीत.

तरीही दोन गोष्टी या काळातच जमल्या. एप्रिलच्या अखेरीस पालिकेने फोनवरच्या तपासणीवर न थांबता डॉक्टरांचं पथक घरी पाठवायला सुरुवात केली. खाट मागणाऱ्याला घरी जाऊन तपासायचं आणि मगच खाट द्यायची. फोनवर सगळ्यांचाच ऑक्सिजन ८५ असतो, कारण ८५ सांगितलं की खाट लवकर मिळते हे लोकांना कळलं होतं. तंत्राला फसवता येतं हे लोक फार लवकर शिकतात. त्यावर उपाय म्हणून आणखी तंत्र न आणता त्यांनी दारात ऑक्सिमीटर घेऊन माणूस उभा केला.

दुसरी गोष्ट ऑक्सिजनची. महिन्याच्या मध्याला एका रात्री पालिकेच्या सहा रुग्णालयांत ऑक्सिजन कमी पडण्याची वेळ आली आणि १६८ रुग्णांना रातोरात जम्बो केंद्रांत, म्हणजे साथीसाठी उभारलेल्या मोठ्या तात्पुरत्या रुग्णालयांत, हलवलं गेलं. एकही जीव गेला नाही असं पालिकेने सांगितलं. हे शक्य झालं कारण पहाटे दोन वाजता कुठल्या जम्बो केंद्रात ऑक्सिजनच्या किती खाटा आहेत आणि कुठल्या वॉर्डाच्या किती रुग्णवाहिका जागेवर आहेत, हे एका ठिकाणी माहीत होतं. वर्षभर रोज कंटाळवाणे तक्ते भरल्याचं फळ त्या एका रात्रीत मिळालं, असं मी मानतो.

यादीबाहेरचे

जो चाचणीला गेलाच नाही तो या व्यवस्थेला दिसला नाही. चाचणी टाळायला कारणंही होती: इमारत सील होईल, रोजगार बुडेल, शेजारी बोलतील. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घरोघरी थर्मामीटर आणि ऑक्सिमीटर नेले गेले, त्यातून काही माणसं सापडली. धारावीतही मुख्य काम दारोदार जाऊनच झालं.

दुसरे लोक पालिकेच्या हद्दीबाहेरचे. कल्याण, विरार, नालासोपाऱ्याहून रोज मुंबईत कामाला येणारा माणूस आजारी पडला की तो त्याच्या महापालिकेचा रुग्ण. लोकलने दीड तासाचं जे अंतर तो रोज कापतो, ते यादीला ओलांडता येत नव्हतं. म्हणून मग मुंबईतल्या मावशीचा पत्ता दिला जायचा, आणि मावशीच्या दारात पालिकेची माणसं रुग्ण शोधत उभी राहायची. आजाराचा प्रदेश महामुंबई होता आणि यादीचा प्रदेश पालिका. हे दुखणं अ‍ॅपने बरं होणारं नाही, ते प्रशासनाचं आहे.

मागे काय राहिलं

साथ ओसरली तशा वॉर रूम बंद झाल्या. देशपातळीवर सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन जाहीर झालं. प्रत्येकाला आभा, म्हणजे आरोग्य-ओळख क्रमांक, कागदांऐवजी डिजिटल नोंदी. ते उपयोगाचं आहे, फायलींचं गाठोडं घेऊन परळला फिरणाऱ्या कुणालाही ते पटेल. पण आभा रुग्णाची नोंद सांभाळतं, खाट कुणाला मिळणार हे ठरवत नाही. वॉर रूमने नोंदी फारशा नीट ठेवल्या नाहीत आणि वाटप मात्र केलं. सध्या आपण पहिल्या कामावर खर्च करतो आहोत आणि दुसऱ्याची आठवण भाषणांत काढतो.

आज पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसच्या रुग्णाला डायलिसिससह आयसीयू हवं असेल तर नातेवाइकांना पुन्हा फोनच फिरवावे लागतात. खासगी रुग्णालयांनी साथीच्या कायद्याविना आपल्या खाटा एका यादीत टाकाव्यात ही अपेक्षा मला भाबडी वाटते. ८० टक्क्यांचा आदेश संपला, बांधलेले दर संपले, मग रिकामी खाट दाखवण्यात त्यांचा फायदा काय?

म्हणून सुरुवात पालिकेने स्वतःच्या घरातून करावी, आणि ती नवजात बाळांच्या एनआयसीयूपासून. खाटा मोजक्या असतात, गरज तासांत ठरते, आणि कमी वजनाचं बाळ घेऊन एका प्रसूतिगृहातून दुसऱ्या रुग्णालयात धावणारे बाप या शहराला नवे नाहीत. केईएम, शीव, नायर, कूपर आणि उपनगरी रुग्णालयं पालिकेचीच आहेत. कायदा बदलायला नको, कुणाची परवानगी नको. या सगळ्यांच्या एनआयसीयू खाटांची एक यादी, दर पाळीला परिचारिकेने फोनवर खातरजमा केलेली, आणि तिच्यासमोर चोवीस तास एक बालरोगतज्ज्ञ, ज्याने नेमून दिलेली खाट कुठलंही रुग्णालय नाकारू शकणार नाही असा आयुक्तांचा लेखी आदेश. तक्त्यासाठी एक संगणक पुरेल. खर्च येईल तो तीन पाळ्यांच्या डॉक्टरांच्या पगाराचा, आणि अर्थसंकल्पात तो ‘माहिती तंत्रज्ञान’ या शीर्षाखाली न टाकता आरोग्याच्या शीर्षाखाली टाकावा, म्हणजे पहिल्या वर्षानंतर कापला जाणार नाही.